ईगलला सोनेरी रंग कोणता लावायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. तुमच्याकडे अपोलो ११ च्या ‘ईगल’चं, म्हणजे चंद्रावर उतरलेल्या त्या चार पायांच्या यानाचं, १:४८ मापाचं प्लास्टिक किट आलंय. सातवीतल्या लेकीबरोबर ते जोडायचंय आणि खाली चंद्राची जमीन करून शोकेसमध्ये ठेवायचंय. अडलंय दोन ठिकाणी. एक, खालच्या भागाला सोनेरी रंग कुठला लावावा, कारण आणलेले दोन्ही रंग ‘घासलेल्या समईसारखे’ दिसतायत. दोन, पायांखाली लोंबणाऱ्या चार लांब काड्यांपैकी एक खोक्यातच मोडलेली निघाली, ती नवीन कशी बनवायची.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. बनवू नका. ईगलला त्या काड्या तीनच होत्या.

त्या काड्या म्हणजे जमिनीचा अंदाज घेणाऱ्या दांड्या, प्रत्येक सुमारे १७० सेंमी लांब. कुठल्याही एकीचं टोक जमिनीला लागलं की केबिनमध्ये निळा दिवा लागायचा, आणि तो दिसला की इंजिन बंद करायचं, असा हिशोब. मूळ आराखड्यात चारही पायांना एकेक दांडी होती. मार्च १९६९ मध्ये पृथ्वीभोवती फिरलेल्या ‘स्पायडर’ या याच जातीच्या यानाला आणि मे महिन्यात चंद्राभोवती जाऊन आलेल्या ‘स्नूपी’ला त्या चार होत्या. पण ईगलमधून माणसं शिडीने खाली उतरणार होती, आणि उतरताना दुमडलेली दांडी शिडीखालीच वर तोंड करून राहिली तर पायात यायची. म्हणून शिडीच्या पायाची दांडी काढून टाकली. तेव्हा शिडी असलेला पाय सोडून बाकी तिघांना दांड्या लावा. खोक्यात जे मोडलं ते तुमच्या पथ्यावरच पडलं.

हे आधी सांगितलं त्याला कारण आहे. रंगाच्या प्रश्नाचं मूळही इथेच आहे. किट हातात आलं की आपण पहिल्याच दिवशी निपर घेऊन स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, भाग कापायला बसतो. त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढायला हव्यात: आपण नेमकं कुठलं यान बनवतोय, आणि ते कुठल्या क्षणी. अशी उतरलेली यानं सहा आणि सहाही एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी. त्यात या यानांच्या किटचे बरेच साचे १९६० च्या दशकातले, उड्डाणाआधीच्या आराखड्यांवरून केलेले. त्यामुळे खोक्यावर ‘ईगल’ लिहिलंय म्हणून आत ईगलच असेल असं समजू नका. आत बहुधा ‘साधारण चांद्रयान’ असतं आणि त्याचा ईगल आपण करायचा असतो. सुधारणा करण्यातली निम्मी मजा तीच.

क्षणाचंही तसंच. चंद्राभोवती फिरत राहिलेल्या कोलंबिया या मुख्य यानातून अंतराळवीर मायकेल कॉलिन्स यांनी काढलेल्या फोटोंत ईगल नुकतंच सुटं झालंय, दांड्या सरळ खाली रोखलेल्या आहेत. उतरल्यानंतरच्या फोटोंत त्याच दांड्या दुमडून जमिनीवर लोळतायत. तुम्हाला जमिनीवरचं यान हवंय, म्हणजे तिन्ही दांड्या वाकलेल्या हव्यात. १:४८ ला लांबी ३५ मिमी येते. किटमधल्या प्लास्टिकच्या काड्या त्या मानाने फार जाड असतात, वाकवायला गेलात तर तुटतील. मी हवेतल्या यानाला गिटारची सगळ्यात बारीक तार वापरतो, कारण ती सरळ राहते. पण जमिनीवरच्या यानाला ती नको. ती स्प्रिंगसारखी परत उसळते. जुन्या वायरमधली तांब्याची एक तार सोलून घ्या, दोन बोटांत धरून पाटीवर लोळवत सरळ करा आणि मग हवी तशी वाकवा.

आता रंग.

तुमचे दोन्ही रंग समईसारखे दिसले, कारण ते चांगले सोनेरी रंग आहेत. सोनेरी रंगात धातूची भुकटी असते, आणि ती पसरली की पृष्ठभाग एकसारखा पितळी चमकतो. ईगलच्या खालच्या भागावर असा रंग कुठेच नव्हता. सोनंही नव्हतं, जरी आपल्याकडे प्रत्येक यानाच्या बातमीला ‘सोन्याचा मुलामा’ चिकटतोच. २०२३ साली विक्रम उतरलं तेव्हाही हे ऐकलं असेल. तिथे जे दिसतं ती पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकची फिल्म असते. कॅप्टन (Kapton) हे तिचं सगळ्यात परिचित व्यापारी नाव. फिल्म स्वतः पारदर्शक आणि मधासारख्या रंगाची. तिच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला. उजेड मधाच्या रंगातून आत जातो, ॲल्युमिनियमवर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून बाहेर येतो. आपल्याला दिसतं ते सोनं म्हणजे चंदेरी आरशावर ठेवलेली पिवळी काच.

हे समजलं की उपाय आपोआप सापडतो. सोनेरी रंग शोधायचा नाही. खाली चंदेरी फॉइल, वर पारदर्शक मधाळ रंग. मूळ वस्तू ज्या युक्तीने चमकते तीच युक्ती आपणही वापरायची.

मीही पहिल्या यानाला हार्डवेअरच्या दुकानातला सोनेरी स्प्रे मारला होता. पुण्यात बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स बनवणं हा माझा धंदा, त्यामुळे स्प्रे मारता येतो हा माज होता. रंग बसला छान. पण एक तर त्यातल्या थिनरने पातळ कडा विरघळल्या, आणि वर ते यान गॅदरिंगमध्ये मिळणाऱ्या ट्रॉफीसारखं दिसायला लागलं. शेजारच्या मुलाने कशात जिंकलात म्हणून विचारलंही.

फॉइल कुठलं, हे तुमच्या हाताशी काय आहे त्यावर आहे. बरेच जण सांगतात की खरी कॅप्टन टेपच लावा. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ती, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. रंग अर्थातच हुबेहूब. पण चिकटसकट तिची जाडी साधारण ६० मायक्रॉन, आणि १:४८ च्या हिशोबाने ते जवळपास ३ मिमी होतात. म्हणजे तुम्ही यानाला पत्रा ठोकताय. ती चुरगळत नाही, वाकते. त्यामुळे सुरकुत्या मोठ्या, गुबगुबीत येतात आणि यान खेळण्यातलं वाटतं. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी आणीबाणीची चंदेरी-सोनेरी चादर त्या मानाने बरीच पातळ असते, पण तिला घडी टिकत नाही. चुरगळा, पुन्हा सपाट होते. गणपतीच्या मखरासाठी आणलेला सोनेरी कागद घरात उरला असेल तर तो मखरालाच राहू द्या.

मी स्वयंपाकघरातलं पोळ्या गुंडाळायचं फॉइल वापरतो. ते ११ ते १८ मायक्रॉनच्या दरम्यान असतं. जितकं स्वस्त तितकं पातळ, आणि इथे आपल्याला पातळच हवंय. शिवाय ते एकदा चुरगळलं की तसंच राहतं.

चुरगळायचं किती, यालाही माप आहे. मूळ यानावर ही फिल्म एकाच थरात नव्हती. आपल्या गोधडीसारखे थरावर थर होते, काही ठिकाणी पंचवीसपर्यंत. थर एकमेकांना सपाट चिकटले तर उष्णता एकातून दुसऱ्यात जाणार, म्हणून ते मुद्दाम हाताने चुरगळून ठेवायचे. मग ते जागोजागी टोकांवरच टेकतात. म्हणजे त्या सुरकुत्या निष्काळजीपणाच्या नव्हेत, कामाच्या आहेत. खऱ्या यानावर ५ सेंमीची सुरकुती असेल तर तुमच्याकडे ती १ मिमीची हवी. फॉइलचा घट्ट चेंडू केलात तर जाळीदार भेगा पडतात आणि उलगडताना ते फाटतं. मी वहीच्या पानाएवढा तुकडा घेतो, मुठीत हलकेच एकदा दाबतो, उघडतो, अर्धा फिरवतो, पुन्हा एकदा दाबतो. बास. मग काचेवर ठेवून तळहाताने नाही, कापसाच्या बोळ्याने पसरवतो. बोळा सुरकुत्यांचे माथे तेवढे बसवतो, खाचा तशाच राहतात.

याच्यावर रंग. एअरब्रश असेल तर तामिया या मॉडेलचे रंग बनवणाऱ्या कंपनीचे पारदर्शक पिवळा (एक्स-२४) आणि पारदर्शक नारिंगी (एक्स-२६) घ्या. नसेल तरी अडत नाही. स्टेशनरीच्या दुकानात काचेवर चित्रं काढायचे पारदर्शक रंग मिळतात, त्यातला थिनरमध्ये मिसळणारा प्रकार घ्या. साधारण तीन भाग पिवळा, एक भाग नारिंगी आणि टोकावर मावेल एवढा तपकिरी. तो बराच पातळ करून मऊ ब्रशने फॉइलवर सोडा. ‘सोडा’ म्हणतोय, ‘लावा’ नाही. मागेपुढे घासू नका. पातळ रंग आपसूक खाचांत उतरतो, तिथे गडद होतो आणि माथ्यावर फिका राहतो. हे दृश्य लेकीला नक्की दाखवा: चांदी डोळ्यांदेखत सोनं होते. पहिला हात फिका वाटेल, वाटू द्या. वाळल्यावर दुसरा द्या. एकाच दिवशी तीन तुकडे करा: एक पिवळसर, एक मधाळ, एक तांबूस. कारण मूळ यानावरचे सगळे तुकडे एका छटेचे नव्हते.

आणि मग दोन दिवस त्याला हात लावू नका. पारदर्शक रंग वरून कोरडे वाटतात, आतून नसतात. बोटाचा ठसा उमटला की तो कायमचा. पावसाळ्यात काम करणार असाल तर चार दिवस धरा. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते ती वेगळीच.

फॉइल रंगवून झालं तरी ते लगेच यानाला गुंडाळायला घेऊ नका. इथे बहुतेकांची चूक होते. चॉकलेटसारखं एकसंध गुंडाळलं की झालं, असं वाटतं. फोटो नीट पाहिलेत तर खालचा भाग ठिगळांचा आहे. काही पट्टे सोनेरी, काही चंदेरी आणि बरेच काळे. इंजिनांची झळ जिथे पोचणार तिथे उष्णता सोसणाऱ्या धातूच्या फॉइलवर काळा रंग दिलेला होता. कडांना टेपच्या पट्ट्या दिसतात. म्हणून प्रत्येक फळीचा वेगळा तुकडा कापा. किटच्या फळीवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलने कडा घासून घ्या, तोच कापण्याचा नमुना. काळ्या फळ्यांसाठी तेच चुरगळलेलं फॉइल घेऊन त्याला मॅट काळा द्या. नुसत्या प्लास्टिकवर काळा दिला तर शेजारच्या फॉइलपुढे तो तव्यासारखा सपाट दिसतो.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या किटच्या फळ्यांवर साच्यातच चुरगळल्यासारखा पोत आहे. वर फॉइल येणार असेल तर तो वॉटर पेपरने, ४०० नंबरने, पाण्यात घासून उतरवा. ठेवलात तर फॉइल त्यावर बसून दोन वेगळ्या सुरकुत्यांची भांडणं होतात. पूर्ण गुळगुळीत करायची गरज नाही.

चिकटवण्याबद्दल एक अनुभव, चूक सर्वस्वी माझी. प्लास्टिकवर पांढरा गोंद फासला आणि ओल्यावरच फॉइल ठेवलं. गोंदातलं पाणी उडून जाणार कुठून? खाली प्लास्टिक, वर धातू. आठ दिवसांनी कडा वाळल्या होत्या आणि मध्ये बोट दाबलं की डबकं हलायचं. आता गोंद पातळ करून फॉइलच्या पाठीला लावतो आणि तो पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत थांबतो. त्या वेळी तो चिकट असतो पण ओला नसतो, तेव्हा दाबतो. सपाट फळ्यांना टिश्यूची पातळ दुतर्फी टेपही चालते. लेकीच्या हाताला टेपच सोपी जाईल.

आता जोडणीचा क्रम, कारण फॉइलमुळे तो बदलतो. किटच्या कागदावर पाय लवकर लावायला सांगितलेलं असतं. तसं करू नका. आधी खालच्या भागाची पेटी जोडा आणि सांध्यांत लांबी (पुटी) भरून घासून घ्या. पाय, शिडी आणि इंजिनाचा शंकू बाजूला सुटे ठेवा. फॉइल पेटीवर चढवा. पायांची भोकं झाकली जातील, ती टाचणीने आतून बाहेर नाही तर बाहेरून आत टोचून उघडा, म्हणजे फाटलेली कड आत वळते. मग पायांच्या खुंट्या आणि भोकांच्या कडा कटरच्या पात्याने खरवडून नुसतं प्लास्टिक उघडं करा. प्लास्टिकचं पातळ सिमेंट दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. मध्ये रंग किंवा फॉइल आलं की ते काही धरत नाही, आणि चार पायांवर उभं राहायचं यान एके दिवशी गुडघे टेकतं.

पायांच्या नळ्यांना फॉइलच्या चार-पाच मिमी रुंद पट्ट्या बँडेजसारख्या तिरप्या गुंडाळा. इथेही सगळं सोनेरी करू नका. ईगलच्या पायांवर काळे पट्टेही आहेत.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक पाहतात. पायांत धक्का शोषायला ॲल्युमिनियमचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं भरण होतं, जोरात आदळलं तर ते चुरून पाय आत सरकणार. आर्मस्ट्राँग यांनी यान इतकं अलगद टेकवलं की ते जवळजवळ चुरलंच नाही. म्हणून शिडीची शेवटची पायरी तळव्याच्या ताटलीपासून जवळपास एक मीटर वर राहिली. तुमच्या मॉडेलमध्ये ते अंतर साधारण २ सेंमी आलं पाहिजे. शिडी खाली टेकत नाही म्हणून आपलं काही चुकलं असं वाटून ती खाली ओढणारे मी पाहिलेत.

वरच्या भागाकडे आलो. हा सोनेरी नाही, राखाडी आहे. आणि वाकडा आहे! एका बाजूचा गाल दुसरीपेक्षा जास्त सुजलेला दिसेल. किट बिघडलेलं नाही. परतीच्या इंजिनाला इंधनाची टाकी आणि ऑक्सिडायझरची, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाची, टाकी अशा दोनच टाक्या होत्या. इंधन हलकं, ऑक्सिडायझर जड. तोल मध्यावर ठेवायचा तर हलकी टाकी मध्यापासून लांब न्यावी लागते, जत्रेतल्या सी-सॉवर बारकं पोरगं टोकाला बसतं तसं. म्हणून तो गाल मोठा. एका मित्राने तो घासून सारखा केला होता, त्याचं नाव सांगत नाही.

राखाडी एकाच डबीतली लावू नका. धातूच्या राखाडीच्या दोन-तीन छटा करा, थोडा काळा, थोडा निळसर, आणि फळ्याफळ्यांनी मास्किंग टेप लावून द्या. काही फळ्या पूर्ण काळ्या येतील. त्रिकोणी खिडक्या सगळ्यात शेवटी बसवा आणि त्यांना इन्स्टंट ग्लू अजिबात नको. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर धुकं धरते आणि ते पुसून जात नाही. फेव्हिकॉलचा थेंब पुरतो.

कोनांवर चार-चार छोटी इंजिनं असलेले चार गुच्छ आहेत, एकूण सोळा तोंडं. किटमध्ये ती बरेचदा भरीव असतात. हातड्रिलने अलगद पोकळ करा. सोळा भोकांचं काम कंटाळवाणं आहे, पण यान खरं वाटू लागतं ते याच वेळी.

याच गुच्छांखाली ईगलची ओळख पटवणारी गोष्ट येते आणि जुन्या साच्यांत ती सापडत नाही. ती म्हणजे झोत वळवणारी पन्हाळी. गुच्छातलं एक इंजिन खाली तोंड करून असतं, त्याचा झोत खालच्या भागावर पडू नये म्हणून चारही ठिकाणी वाकवलेल्या पत्र्याचं एक पन्हाळ लावलं, बारीक काड्यांच्या चौकटीवर. स्पायडर आणि स्नूपीला ती नव्हती, ईगलला आहेत. तुमच्या खोक्यात आहेत का बघा. नसतील तर बनवणं सोपं आहे आणि एवढी एकच सुधारणा केलीत तरी जाणकार माणूस ओळखेल.

पत्रा शीतपेयाच्या कॅनचा, कात्रीने कापून गोल पेनावर वाकवलेला. चौकट रिकाम्या स्प्रूची. स्प्रूचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत आडवा धरा आणि मधला भाग मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, दोन-तीन बोटं वर, फिरवत राहा. आधी काहीच होत नाही. मग मध्ये ओल्यासारखी चकाकी येते आणि तुकडा स्वतःच्या वजनाने किंचित झुकतो. तेव्हा ज्योतीवरून बाजूला घ्या, मनात एक म्हणा आणि सावकाश ओढा. पटकन ओढलंत तर केस निघतो, सावकाश ओढलंत तर काडी. दहा सेकंद तसेच ताणून धरा, थंड झाली की ती सरळ राहते. पहिल्या पाच-सहा फुकट जातील. हे काम लेकीला करू द्या, पण खिडकी उघडी ठेवा आणि ज्योत तुमच्या ताब्यात असू द्या. प्लास्टिक पेटलं तर चिकटून भाजतं.

इथवरचा क्रम एकदा सांगतो: आधी फॉइल रंगवून वाळत टाका, ते वाळेपर्यंत पेटी आणि वरचा भाग जोडून घासून घ्या, मग पेटीवर ठिगळं, मग पाय, मग पन्हाळी, आणि दांड्या व खिडक्या अगदी शेवटी.

संदर्भाला फोटो कुठले, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. नासाने सगळे फोटो खुले ठेवलेत. जमिनीवरचे बहुतेक एएस११-४० या मालिकेत, उतरण्याआधी कोलंबियातून काढलेले एएस११-४४ मध्ये. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयातलं यान तुमच्यापैकी कुणाच्या नातेवाइकांनी पाहिलं असेल, पण ते एलएम-२, म्हणजे याच जातीचं दुसऱ्या क्रमांकाचं यान, कधीच न उडालेलं, नंतर ईगलसारखं सजवलेलं. आकारासाठी उत्तम. छटा मात्र चंद्रावरच्या फोटोंवरूनच ठरवा.

फोटो बघताना एका गोष्टीने मी दोन वर्षं फसलो होतो. शिडीची बाजू सगळीकडे काळपट दिसते, म्हणून मी ती गडद रंगवायचो. ती गडद नाही, सावलीत आहे. ईगल चांद्र सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून उतरलं. शिडी पश्चिमेला, ऊन पूर्वेकडून. शिडीच्या बाजूला जो उजेड दिसतो तो जमिनीवरून परतलेला. रंग तोच लावा, सावली दिव्याला पाडू द्या.

जमिनीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस चालेल, पण पाय त्यात रुतवू नका. यानाचे तळवे जेमतेम २ ते ५ सेंमी दबले होते, म्हणजे तुमच्याकडे अर्धा ते एक मिमी. इंजिनाखाली खड्डाही पडला नव्हता, धूळ तेवढी बाहेर उडाली होती. वरून भुरभुरायला रांगोळी घेऊ नका, तिचा कण इथे गोटीएवढा दिसतो. जवळपास खडी क्रशर असेल तर तिथली पूड आणा आणि मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. आपला सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्ट आहे आणि ईगल जिथे उतरलं तो शांतीचा सागरही बेसॉल्टचाच. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये पडलेलं म्हणून तर चंद्राचे अभ्यासक तिथे येतात. एवढा अस्सल माल दाराशी असताना बाजारातली ‘मून डस्ट’ची पुडी कशाला?

शोकेसचा दिवा वरून असतो. तो बंद करा. त्या दिवशी सूर्य क्षितिजापासून १० ते १५ अंशच वर होता. टेबलावर एक छोटा दिवा यानाच्या पाठीमागे, शिडीच्या विरुद्ध बाजूला, जवळजवळ जमिनीलगत ठेवा. साडेचौदा सेंमीच्या यानाची सावली अर्ध्या मीटरहून लांब पडेल, तेव्हा पुढे जागा मोकळी ठेवा. तुमची फळी एक फुटाची असेल तर सावली फळीवरून उतरून शोकेसच्या काचेवर चढेल.